गिऱ्हाइकाच्या खात्यातून यूपीआयचे पैसे गेले, दुकानात आलेच नाहीत. तक्रार कोणी करायची?

बार्शीकर
किराणा दुकान आहे. काउंटरवर पेमेंट कंपनीचा क्यूआर आणि साउंडबॉक्स. शनिवारी संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने २,३४० रुपये स्कॅन करून पाठवले. त्यांना बँकेचा डेबिटचा मेसेज आला, ॲपमध्ये मात्र 'पेंडिंग'. साउंडबॉक्स बोलला नाही, माझ्या पासबुकातही नोंद नाही. तक्रार त्यांनी करायची की मी? पैसे किती दिवसांत सुटतात? आणि तोवर माल द्यायचा का?

सुटे_पैसे
रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप उलटले पाहिजेत. उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई.

खतावणी
@सुटे_पैसे, १०० रुपये बरोबर, मुदत इथे वेगळी आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यूपीआयचे दोन प्रकार केलेत. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर टी+१. दुकानदाराच्या क्यूआरवर पैसे कापले गेले पण दुकानाला खात्रीचा निरोप पोचला नाही तर टी+५. 'टी' म्हणजे व्यवहाराची तारीख आणि दिवस कॅलेंडरचे, त्यामुळे रविवारही मोजायचा. शनिवारचा व्यवहार गुरुवारपर्यंत सुटला पाहिजे. त्यापुढची भरपाई ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याला मिळते, दुकानदाराला नाही, आणि ती बँकेने मागणीची वाट न पाहता द्यायची असते.

@बार्शीकर, पासबुक आधी बाजूला ठेवा. पेमेंट कंपनीच्या क्यूआरवरचे पैसे बऱ्याचदा दिवसभराचे गोळा होऊन एकाच रकमेने खात्यात पडतात. त्या जमेचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) वेगळा असतो, तिथे २,३४० ही रक्कम सुटी दिसणारच नाही. कंपनीचं व्यापाऱ्यांसाठीचं ॲप उघडा, शनिवारचे व्यवहार काढा आणि आरआरएन (त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) जुळवा. साउंडबॉक्सवर भिस्त ठेवू नका. त्यात स्वतःचं सिम असतं. रेंज गेली की पैसे येऊनही तो गप्प.

आरआरएन म्हणजे १२ अंकी आकडा. गिऱ्हाइकाच्या ॲपमध्ये तो 'यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी', 'यूपीआय रेफरन्स नंबर' किंवा 'यूटीआर' या नावाने असतो. फोनपेवर 'टी' अक्षराने सुरू होणारा लांब आयडी किंवा गुगल पेवरचा अक्षरांचा आयडी हा त्या ॲपचा स्वतःचा. तो घेऊन शाखेत गेलात तर काही सापडत नाही.

'पेंडिंग' का, तेही सांगतो. यूपीआयमध्ये आधी पैसे देणाऱ्याची बँक रक्कम कापते, मग एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) घेणाऱ्या बँकेला जमा करायला सांगते. या दुसऱ्या टप्प्यावर उत्तर वेळेत आलं नाही, तर पैसे जमा झाले की नाही हेच कळत नाही. म्हणून ते लगेच उलटवत नाहीत. उलटवले आणि तिकडे जमाही झालेले निघाले तर एकाच व्यवहाराचे पैसे दोन्हीकडे जातील. नंतर ताळमेळ घालताना घेणारी बँक 'टीसीसी' म्हणजे जमा केले, किंवा 'आरईटी' म्हणजे परत पाठवले, असं कळवते. निकाल तेव्हा लागतो.

तक्रार गिऱ्हाइकाने त्यांच्या ॲपमधल्या त्याच व्यवहाराखालच्या मदतीच्या बटणावरून करावी. तुम्ही तोच आरआरएन पेमेंट कंपनीकडे द्या. दोन्ही टोकांनी विचारणा झालेली बरी.

काउंटर_क्लार्क
मालाबद्दल: तुमच्या व्यापारी ॲपमध्ये 'यशस्वी' दिसेपर्यंत पैसे आले असं धरू नका. समोरच्या फोनवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲप्स फिरतायत. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर वहीत आरआरएनसह उधारी लिहा, डेबिटचा मेसेज आलेल्या माणसाला लबाड ठरवू नका.

एक चटकन करता येणारी तपासणी आहे. आरआरएनचा पहिला अंक साधारणपणे वर्षाचा शेवटचा अंक असतो, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ५२१३ ने सुरुवात असेल तर २०२५ चा २१३वा दिवस, १ ऑगस्ट. तारीख जुळत नसेल तर स्क्रीनशॉट जुना किंवा बनवलेला असण्याची शक्यता. जुळली म्हणून मात्र खरा ठरत नाही.

आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, गिऱ्हाइकालाही सांगा. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. 'रिफंड देतो, पिन टाका' म्हणाले की फोन ठेवायचा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

बार्शीकर
आभार. व्यापारी ॲपमध्ये आरआरएन सापडला, तिथेही 'पेंडिंग'च आहे. गिऱ्हाईक आता रोख द्यायला तयार आहे. घेऊ का? मागून ऑनलाइनचेही जमा झाले तर?

खतावणी
घ्या, पण बिलाच्या मागे 'रोख मिळाले, यूपीआय प्रलंबित' असं लिहून आरआरएन टाका आणि एक फोटो त्यांना द्या. नंतर टीसीसी होऊन पैसे आलेच, तर व्यापारी ॲपमधल्या त्याच व्यवहारावरचं 'रिफंड' वापरा. रक्कम मूळ खात्यातच जाते आणि हिशेबात विक्री दोनदा दिसत नाही. त्यांच्या मोबाइल नंबरवर वेगळे पैसे पाठवू नका; आधीची जमा तशीच राहते आणि जीएसटीच्या वेळी ती समजावत बसावं लागतं.

गुरुवार उलटूनही काहीच हललं नाही, तर गिऱ्हाइकाने स्वतःच्या बँकेत लेखी तक्रार देऊन तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८. बँकेचा तक्रार क्रमांक आणि तारीख हाताशी ठेवा. बँकेकडे आधी न जाता केलेली तक्रार तिथे घेत नाहीत.