गुजराण म्हणजे दिवस काढणं

‘गुजराण आणि उदरनिर्वाह एकच, फक्त एक फारसी आणि एक संस्कृत’ असं बऱ्याचदा म्हटलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. गुजराणच्या मुळाशी फारसी ‘गुजर’ आहे, म्हणजे जाणं, सरणं. ‘प्रसंग गुदरला’मधलं गुदरणंही तिथलंच. उदरनिर्वाहात पोट आहे. गुजराणीत दिवस आहेत, ते कसे सरतात ते आहे.

आमच्या यवतमाळकडे हा फरक बोलण्यात ऐकू येतो. गेल्या दिवाळीला मामीला विचारलं, यंदा कसं? ती ओसरीवर शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “पराटी तं पाण्यानं गेली बापा. आता तुरीवर गुजरान.” पराटी म्हणजे कपाशी. पोट भरत नव्हतं असं नाही, ज्वारी घरात होती. पण तिला म्हणायचं होतं की तूर येईपर्यंतचे दिवस ढकलायचे आहेत.

म्हणूनच नोकरदार माणूस ‘बँकेत गुजराण करतो’ असं कुणी म्हणत नाही. त्याच्यासाठी ‘चरितार्थ’ हा शब्द चालतो. आणि हो, शब्द स्त्रीलिंगी आहे: गुजराण होते, ‘होतो’ नव्हे.