मदत हवी आहे: खळाळातले मासे जाळ्यात कसे घ्यावेत?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात भोरच्या पुढे, हिरडोशी खोऱ्यात नीरेच्या काठाने फिरायला जातोय. देवघर धरणाच्या वरच्या अंगाला देशी माशांची नोंद करायची आहे. मासे पकडायचे, फोटो काढायचे आणि तिथल्या तिथे सोडून द्यायचे.

डोहात पाग (फेकायचं गोल जाळं) टाकता येतो. अडचण खळाळाची आहे. तिथे पाग दगडांत अडकतो, आणि मळ्या मासा तर तोंडाखालच्या चकतीने खडकाला असा चिकटून राहतो की जाळं वरून नुसतं सरकून जातं. मुरे जातीचे छोटे मासे गोट्यांखाली दडलेले. प्रवाहाच्या खालच्या बाजूला हातजाळं धरून वरचे दगड पायाने हलवायचे, ही पद्धत माहीत आहे. पण त्यासाठी आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार किती मिलिमीटर ठेवावा? बिनगाठीचं जाळं पुण्यात कुठे मिळेल? गाठींवर घासून खवले निघतात, आणि एकाही माशाला इजा झालेली मला नको आहे.

वाहत्या पाण्यातल्या या माशांना बादलीत प्राणवायू लवकर कमी पडतो. बॅटरीवरचा एअर पंप पुरतो का, की पाणीच सारखं बदलत राहावं? परवानगीसाठी अर्ज कुणाकडे करायचा, तेही कृपया सांगा.