अकरावी कला शाखा, पुणे: गणित घ्यावं का, आणि बाकीचे विषय कसे ठरवावेत?

सिंहगडरोड_पालक

मुलीची दहावी झाली. राज्य मंडळ, मराठी माध्यम, ८८ टक्के. कला शाखाच घ्यायची हे घरात पक्कं आहे, त्यामुळे "सायन्स घ्या, नंतर कुठेही जाता येतं" हा सल्ला कृपया नको. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही दिल्या आहेत. पुढे डिझाइन किंवा मानसशास्त्र, यांत अजून तळ्यात-मळ्यात चालू आहे.

अडलंय ते असं:
१. कला शाखेत गणित घ्यावं का?
२. दुसरी भाषा कोणती? संस्कृत दहावीपर्यंत होतं. जर्मन नव्याने घ्यावं असं मैत्रिणींमुळे डोक्यात आहे.
३. भूगोल, तर्कशास्त्र, समाजशास्त्र यांतलं काय निवडावं?
४. ऑनलाइन अर्जात विषय भरायची जागाच सापडत नाही. ते कुठे सांगायचे?
५. माध्यम मराठी ठेवावं की इंग्रजी?

खडूफळा

चौथ्यापासून सुरू करतो, कारण गाडी तिथेच अडते.

अर्जात विषय भरायचेच नसतात. पसंतीक्रमात तुम्ही कॉलेज, शाखा, माध्यम आणि अनुदानित / विनाअनुदानित / स्वयंअर्थसहाय्यित एवढंच निवडता. विषय कॉलेज देतं, तेही प्रवेश निश्चित करायला गेल्यावर. बहुतेक कॉलेजांत सुटे विषय निवडता येत नाहीत, ठरलेले गट असतात: अमुक गटात मानसशास्त्र आहे पण भूगोल नाही, तमुक गटात गणित आहे पण ते मानसशास्त्राच्या तासाला. शिवाय लोकप्रिय गट गुणानुक्रमे भरतात, म्हणजे पहिल्या फेरीत आलेल्यांना मनासारखा गट आणि तिसऱ्या फेरीतल्यांना जे उरेल ते.

यातून होणारा घोळ नेहमीचा आहे. नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं, पहिल्याच यादीत लागलं, आणि तिथे गेल्यावर कळलं की हवा तो विषयच नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर पुढच्या फेरीची वाट बघायची मुभा असते. म्हणून पहिला क्रमांक नावाला देऊ नका, गटाला द्या. पसंतीक्रम भरण्याआधी सात-आठ कॉलेजांची माहितीपुस्तिका मिळवा किंवा कार्यालयात जाऊन विचारा: कला शाखेचे गट कोणते, प्रत्येक गटात जागा किती, तास सकाळी की दुपारी, आणि मुलं कमी आली तर कोणता विषय बंद होतो. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. तर्कशास्त्र, चित्रकला, संगीत असे विषय मंडळाच्या यादीत आहेत, पण ते चालवणारी कॉलेजं मोजकी, आणि त्यांतही पुरेशी मुलं नसली की विषय त्या वर्षापुरता गुंडाळला जातो.

आता रचना. इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा, चार वैकल्पिक विषय. प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे श्रेणीचे विषय. भाषांना ८० लेखी आणि २० तोंडी, बाकीच्यांना ८० लेखी आणि २० प्रकल्प किंवा प्रात्यक्षिक. म्हणजे ६०० पैकी १२० गुण कॉलेजातच ठरतात. "आर्ट्स म्हणजे वर्षभर सुट्टी" असं समजणाऱ्यांचे हे गुण जातात: प्रकल्प वेळेवर नाही, नोंदवही अपुरी, तोंडीला गैरहजर.

तिसरा प्रश्न. विषयाच्या नावावर जाऊ नका, अनुक्रमणिका बघा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. दोन्ही वर्षांची घ्या, कारण काही विषय अकरावीत एक दिसतात आणि बारावीत दुसरेच.

भूगोल हे त्याचं ठळक उदाहरण. अकरावीत प्राकृतिक भूगोल: भूहालचाली, विदारण, क्षरणाची कारके, हवामान प्रदेश, हिंदी महासागर. बारावीत जवळजवळ पूर्ण मानवी भूगोल: लोकसंख्या, वस्ती आणि भूमी उपयोजन, प्राथमिक ते तृतीयक आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास. नकाशे आवडतात म्हणून घेतलेल्या मुलांना बारावीत कंटाळा येतो, तर काहींना उलट बारावीच आवडते. आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. नोंदवही आठवड्याला पूर्ण केली तर काहीच नाही, जानेवारीत एकदम करायला घेतली की हात मोडतो.

अर्थशास्त्र बहुतेक गटांत असतंच. त्यात आकडेमोड नाही असं समजू नका. अकरावीत विभाजन मूल्ये आहेत (चतुर्थक, दशमक, शतमक), बारावीत मागणीची लवचिकता आणि निर्देशांक. गणित दहावीच्या पातळीचंच, पण सूत्र आणि मांडणीला गुण असल्याने सराव लागतो.

राज्यशास्त्र बारावीला १९९१ नंतरचं जग, जागतिकीकरण, सुशासन, भारत आणि जग असं आहे. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलांना ते हलकं जातं. समाजशास्त्र वाचायला सोपं, पण उत्तरं मोघम लिहिली की गुण साठ-पासष्टवर अडकतात. संज्ञा, व्याख्या, भारतीय उदाहरण या क्रमाने लिहावं लागतं.

तर्कशास्त्राची पुण्यात उगाच उपेक्षा होते. सत्यता कोष्टकं, निगमनात्मक सिद्धता, विधेय तर्कशास्त्र: पायरी बरोबर तर गुण पूर्ण. ज्या मुलीला गणिताची रीत आवडते पण कलन (कॅल्क्युलस) नको, तिच्यासाठी यासारखा विषय नाही. तासाला नियमित बसणं मात्र हवं. घरी एकटीने वाचून सिद्धता जमत नाहीत.

गणिती_काका

पहिल्या प्रश्नाला "घेऊन ठेवा, कामी येईल" असं उत्तर सगळीकडे मिळतं. ते अर्धवट आहे.

आधी हे समजून घ्या की कला शाखेतलं गणित वेगळं, सोपं असं काही नसतं. 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)', विषय कोड ४०, हेच पुस्तक, हीच प्रश्नपत्रिका. बारावीला आव्यूह, त्रिकोणमितीय फलने, सदिश, रेषा व प्रतल, अवकलन, संकलन, अवकल समीकरणे, संभाव्यता वितरण. वाणिज्यचं गणित (कोड ८८) वेगळं, त्यात कमिशन, विमा वगैरे येतं. कला शाखेच्या मुलांना बरेचदा विज्ञानाच्या तुकडीसोबत बसवतात. तिथला वेग सीईटीचा असतो आणि सोबतची मुलं क्लासला जाणारी. स्वतंत्र तयारीसाठी आठवड्याला सहा-सात तास धरा, बाकीचे पाच विषय सांभाळून.

कुणी घ्यावं: पुढे अर्थशास्त्र गंभीरपणे करायचं असेल तर. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच, आणि इतरही अनेक ठिकाणी बी.एस्सी. अर्थशास्त्राला मागतात. संख्याशास्त्र, डेटा सायन्सच्या पदव्यांनाही तेच. बारावीत नसेल तर हे नंतर भरून काढता येत नाही, म्हणून अशा मुलांनी दोन वर्षं सोसावं.

तुमच्या मुलीच्या दोन्ही वाटांना ते लागत नाही. मानसशास्त्रात संख्याशास्त्र आहे, पण पदवीला ते मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध इथून शिकवतात. त्याला संकलन येण्याची गरज नाही. दहावीच्या बीजगणितातलं सांख्यिकीचं प्रकरण नीट आलं असेल तर पुरे. उगाच घेतलं आणि ४५ गुण पडले, तर जिथे बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश आहे तिथे तो एक विषय सगळं खाली ओढतो.

रेषाकार

डिझाइनबद्दल लिहितो, कारण इथे गैरसमज फार.

एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), एनआयएफटी (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) यांच्या बी.डिझाइनला आणि यूसीईईडीला (आयआयटींच्या बी.डिझाइनची प्रवेश परीक्षा) कोणत्याही शाखेची बारावी चालते. यूसीईईडीतून प्रवेश देणाऱ्या एखाद्या संस्थेची स्वतःची विषयांची अट असू शकते, तेवढी त्या-त्या माहितीपुस्तिकेत पाहा. एनआयएफटीचा फॅशन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम मात्र गणिताशिवाय नाही. आणि आर्किटेक्चर कला शाखेतून होत नाही: बी.आर्क.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत. "चित्रकला चांगली आहे, आर्किटेक्ट होईल" असं कुणाच्या मनात असेल तर ते आत्ताच बोलून घ्या, बारावीनंतर नाही.

राज्यातल्या बीएफएसाठी (ललित कलेची पदवी) एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. इंटरमिजिएट दिलेल्या मुलीला ही नावं ओळखीची आहेत, पण दोन वर्षं हात बंद ठेवला तर उपयोग शून्य. अकरावीपासून आठवड्याला दोन वस्तुचित्रं आणि एक स्मरणचित्र, घड्याळ लावून, एवढं पुरतं. स्मरणचित्रात मुलं मार खातात ती माणसांच्या हालचालीत: भाजी मंडई, बसथांबा, शाळेचं मैदान, जागेवर उभं राहून झटपट रेखाटनं करायची. मंडईत कुणी हटकत नाही.

यूसीईईडी वेगळ्या जातीची परीक्षा आहे. भाग अ संगणकावर, २०० गुण: अवकाशीय विचार, निरीक्षण, तर्क, भाषा. भाग ब रेखाटन, १०० गुण. नुसत्या सुंदर शेडिंगवर हिच्यात निभाव लागत नाही. आणि ती सलग दोन वर्षांतच, दोनदाच देता येते, त्यामुळे "सहज बसून बघू" म्हणून एक संधी घालवू नका.

विषयनिवडीशी याचा संबंध वेळापत्रकातून येतो. यूसीईईडी जानेवारीत, एनआयडीची पूर्वपरीक्षा आणि एनआयएफटी त्याच्या आसपास. त्याच सुमारास कॉलेजची सराव परीक्षा, मग तोंडी-प्रात्यक्षिकं, आणि फेब्रुवारीत बोर्ड. चारही वैकल्पिक विषय पाठांतराचे घेतले तर डिसेंबरमध्ये कोंडी होते. मी म्हणेन मानसशास्त्र, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र आणि राज्यशास्त्र किंवा इतिहास. तर्कशास्त्र यूसीईईडीच्या भाग अ ला मदतच करतं. बारावीला चित्रकला हा विषय मिळत असेल तरी तो सीईटीची तयारी करून देत नाही. त्याच्यासाठी लांबचं कॉलेज घेऊ नका.

सिंहगडरोड_पालक

खूप आभार, गणिताचा विषय मिटला. भूगोलाबद्दल घरातून दबाव आहे, "एमपीएससीला उपयोगी पडेल" म्हणून. आणि भाषा-माध्यमाचं कुणी सांगेल का?

खडूफळा

एमपीएससीसाठी अकरावीचे विषय ठरवू नका हो ताई. राज्यसेवेला सामान्य अध्ययनात भूगोल, इतिहास, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था सगळंच येतं, आणि ते सगळेच बालभारतीपासून पुन्हा वाचतात, मग बारावी सायन्सची असो नाहीतर आर्ट्सची. पुस्तक तेव्हा अप्पा बळवंत चौकात मिळेलच. भूगोल तिला आवडत असेल तर घ्या, त्या कारणासाठी नको.

शब्दवेल्हाळ

भाषेचं सांगते.

संस्कृत दहावीपर्यंत झालं असेल आणि व्याकरण भीतीदायक वाटत नसेल, तर तेच पुढे न्यावं. उत्तरं ठरीव असतात, शंभरपैकी गुण वर जातात. पण १०० गुणांचं संस्कृत दहावीच्या ५० गुणांच्या संयुक्त (दुसऱ्या भाषेसोबत अर्ध्या पेपरच्या) संस्कृतापेक्षा जड आहे. मुलीने दहावीला संयुक्त घेतलं होतं की पूर्ण, हे पाहून ठरवा. संयुक्त असेल तर मे-जूनमध्ये धातुरूपं, शब्दरूपं आणि संधी उजळून घ्या, नाहीतर पहिल्या घटक चाचणीत धक्का बसतो.

मराठी घेतलं तर "आपलीच भाषा" म्हणून अभ्यास न करण्याचा मोह टाळा. उपयोजित मराठी आणि रसग्रहण यांतच गुण जातात.

जर्मन नव्याने घेणं मला पटत नाही. अकरावीचं पुस्तक शाळेत जर्मन शिकलेल्यांना धरून पुढे जातं, आणि बरीच कॉलेजं दहावीला तो विषय होता का हे विचारतात. जर्मन खरंच शिकायचं असेल तर बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्यूलर भवन किंवा विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे. तिथलं ए१-ए२ (पहिल्या दोन पातळ्यांचं) प्रमाणपत्र पुढे दाखवता येतं. बोर्डाच्या जर्मनमधल्या गुणांना बोर्डाबाहेर फार कुणी विचारत नाही.

माध्यम: डिझाइन असो वा मानसशास्त्र, पदवीला वाचन इंग्रजीत येणार, म्हणून इंग्रजी माध्यमाकडे कल ठीक आहे. पण दोन गोष्टी बघा. नावाजलेल्या कॉलेजांत इंग्रजी माध्यमाच्या कला शाखेचा कटऑफ नव्वदीच्या पुढे जातो. मराठी माध्यमाचा बराच खाली असतो, त्यामुळे ८८ ला त्याच कॉलेजात मराठी माध्यम मिळू शकतं. दुसरं, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राची परिभाषा एकदम बदलली की पहिले तीन महिने मुलगी वर्गात गप्प बसते. यावर उपाय सोपा: दोन्ही माध्यमांची पुस्तकं उतरवायची, धडा आधी मराठीत वाचायचा, मग तोच इंग्रजीत, आणि संज्ञांची जोडवही करायची, म्हणजे मराठी संज्ञेसमोर तिची इंग्रजी संज्ञा. धडे दोन्हीकडे तेच आणि त्याच क्रमाने असल्यामुळे हे शक्य होतं. दिवाळीपर्यंत मराठी पुस्तकाची गरज संपते.

मराठी माध्यमात राहिली तरी ती जोडवही करायचीच.

सिंहगडरोड_पालक

पूर्ण संस्कृत होतं, ८९ गुण. मग तेच. शेवटचं: प्रवेशानंतर गट बदलता येतो का?

खडूफळा

अकरावीच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत, दुसऱ्या गटात जागा असेल तर. तोंडी विचारून भागत नाही. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज, पालकांची सही, आणि पोच घेतलेली प्रत स्वतःकडे. शिक्षक "बसायला लाग वर्गात" म्हणाले म्हणून मूल नव्या वर्गात बसतं आणि कार्यालयाच्या नोंदीत जुनाच गट राहतो. ते बारावीचा परीक्षा अर्ज भरताना उघडं पडतं आणि मग मंडळापर्यंत पळापळ. त्यासाठी दोन वेळा तपासा: अकरावीच्या निकालपत्रावर सहाही विषय बरोबर आहेत ना, आणि बारावीला कॉलेज प्री-लिस्टवर (परीक्षा अर्जातल्या माहितीची तपासणी-यादी) सही घेतं तेव्हा विषयांचे कोड आणि उत्तरपत्रिकेचं माध्यम. सही करायची घाई असते तिथे. तरी मुलीला सांगून ठेवा की ओळ न ओळ वाचल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.