शुगर असलेल्या पायाची जखम भरतच नाहीये, पीआरपी करून घ्यावं का?

सांगलीची_लेक:
बाबांना बरीच वर्षं शुगर आहे. उजव्या अंगठ्याखाली तळव्याला भोवरी होती ती फुटली आणि आता रुपयाएवढी जखम झालीय, दोनेक महिने दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, ॲन्टिबायोटिक झाले, शुगर पण आता आटोक्यात आहे तरी कडेला पांढरी जाड कातडी येते आणि मधला खड्डा तसाच. त्यांना अजिबात दुखत नाही त्यामुळे घरभर फिरतात, सकाळी दूध पण आणतात. एकांनी पीआरपी सुचवलंय, आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून लावतात म्हणे. नवीन संशोधन काय सांगतं?

फिजिओ_वर्षा:
ताई, दुखत नाही याचीच काळजी वाटते. नसा बधिर झाल्यात, म्हणून ते त्याच जागेवर जोर देऊन चालतात आणि प्रत्येक पावलाला नवीन आलेलं मांस चिरडलं जातं. ती पांढरी जाड कातडी म्हणजे तिथे अजून दाब पडतोय. आधी पायाचा रक्तपुरवठा (डॉपलर) आणि एक्स-रे करून घ्या, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का ते कळायला हवं. दोन्ही ठीक असेल तर डॉक्टरांना टोटल कॉन्टॅक्ट कास्टबद्दल विचारा. गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर असतं, भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. डायबेटिक फूटच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये तळव्याच्या अशा जखमेला पहिली पसंती न काढता येणाऱ्या साधनालाच आहे.

सांगलीची_लेक:
प्लास्टरला ते तयार नाहीत हो. काढता येणारा बूट चालेल का?

निशिगंध:
चालतो, पण घातला तर! २००३ साली अमेरिकेत पेशंटच्या बुटात आणि कमरेला पावलं मोजायची यंत्रं लावून बघितलं, तर दिवसातल्या जेमतेम २८ टक्के हालचालीच्या वेळी बूट पायात होता, घरात आले की काढून ठेवायचे.

आणि हे ज्ञान आपल्याकडचं आहे हे बाबांना आवर्जून सांगा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करत होते. तेव्हा समज असा की रोगानेच मांस सडतं, त्यांनी दाखवून दिलं की बधिर पायावर चालत राहिल्याने जखमा होतात, प्लास्टर घातलं की त्याच जखमा भरून येतात. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथे हेच शुगरच्या पेशंटना लागू झालं.

पीआरपीच्या जवळचा एक चांगला अभ्यास २०१८ चा आहे, ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधला. पेशंटच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिनची (रक्त गोठताना तयार होणारे धागे) चकती जखमेवर ठेवायची. २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या, नुसत्या नेहमीच्या उपचाराने २२ टक्के. फायदा आहे, पण त्या सगळ्यांचे नेहमीचे उपचार आधी नीट चालू होते. दूध आणायला जाणाऱ्या पायावर पीआरपी लावून पैसे घालवू नका, आधी पायावरचा भार काढा मग हवं तर त्याचा विचार करा.

कोल्हापूरचा_बाळू:
आमच्या वडिलांची प्लास्टरनेच भरली. पण भरल्यावर लगेच जुनी चप्पल देऊ नका, वर्षभरात साधारण ४० टक्के लोकांना परत जखम होते असं वाचलंय. एमसीआरची (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल मापाने करून घ्या आणि घालायच्या आधी दर वेळी आत हात फिरवून बघा, आमच्याकडे एकदा दाण्याएवढा खडा निघाला होता आणि वडिलांना त्याचा पत्ताच नव्हता.