अनुभव धागा : गड, किनारा, मैदान आणि उघड्यावरची दारू

31 डिसेंबर जवळ आला की आमच्या दुर्गसंवर्धनाच्या ग्रुपवर एकच विषय असतो, यंदा कोण कुठल्या गडावर पहाऱ्याला जाणार. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 सालचा. गडकिल्ल्यांवर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना तोच लावायचा, असं सरकारने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. तरी पहारा द्यावाच लागतो. तुमच्या भागात असा नियम आहे का? तो पाळला जातो का, आणि कुणामुळे? सविस्तर लिहा.

डोंगरवाट : मी पहाऱ्याला जातो. आम्ही दरवाज्याजवळ बसतो आणि येणाऱ्याला सॅक उघडायची विनंती करतो. जबरदस्ती करत नाही, तो अधिकार आमचा नाही. एकदा चिवड्याच्या पुड्याखाली टॉवेलात गुंडाळलेल्या क्वार्टर निघाल्या. पोरं कॉलेजातली, चांगल्या घरची. "दादा, गडावर नको. खाली गाडीत ठेवून या, मग खुशाल वर चला," एवढंच म्हटलं. ती खरंच खाली जाऊन आली आणि रात्री आमच्याबरोबर शेकोटीला बसली.
मला राग येतो तो टाक्यांमुळे. उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यातला गाळ उपसताना घमेल्यात काचा येतात. हातमोजे फाडून बोटात घुसतात. खडकात खोदलेली ती टाकी शेकडो वर्षं टिकली, आणि एका रात्रीच्या पार्टीने पाणी प्यायच्या लायकीचं राहत नाही. आसपासच्या धनगरवाड्यांतली गुरं तेच पाणी पितात हो! नियमाची पाटी वाचून कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही, समोर माणूस उभा असला की थांबतात.

किनाऱ्यावरचा : आमच्या गोव्यात दारू स्वस्त, म्हणून पर्यटकांना वाटतं कुठेही बसावं. 2019 मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला एकट्याला दोन हजार आणि घोळक्याला दहा हजार दंड ठरवला होता. शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात बसून प्या, कुणी अडवत नाही. वाळूत बाटली फुटली तर ती दिसत नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे अनवाणी असतात. दोरी खांद्यावर असताना पाय कुठे पडतो ते कोण बघणार? माझ्या काकांच्या टाचेत काच गेली, ऐन हंगामात घरी बसावं लागलं.

सिंगापूरवासी : इथे रात्री साडेदहा ते सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी दारू पिता येत नाही. 2013 ला लिटिल इंडियात दंगल झाली, त्यानंतर 2015 ला हा कायदा आला. लिटिल इंडियात तर शनिवार-रविवार पूर्ण बंदी. मेथी, कढीपत्ता घ्यायला आम्ही रविवारीच तिथे जातो. मुलांना घेऊन निवांत फिरता येतं, हे खरं. पण बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांना सुट्टी त्याच दिवशी असते. बारचे दर त्यांना परवडत नाहीत, मग त्यांनी बसायचं कुठे? हे मला खटकतं.

मैदानाशेजारची : आमच्याकडे दुकान रीतसर परवान्याचं, पण पिणं होतं समोरच्या मैदानाच्या कट्ट्यावर. बाजूला चखण्याची गाडी. संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या मुली लांबून वळसा घालतात. तक्रार केली की पोलिसांची गाडी येते, मंडळी पांगतात, अर्ध्या तासात परत जमतात.
शेवटी आम्ही बायकांनी बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद करायचं ठरवलं. वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या झाल्या की मतदान मागता येतं. पण नुसती जास्त मतं पडून भागत नाही, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी घरी राहिली तिचं मत दुकानाच्या बाजूने गेल्यासारखंच. म्हणून सह्यांबरोबर आत्ताच मतदार यादी घेऊन घरोघर फिरतोय, लग्न होऊन गेलेल्या आणि वारलेल्यांची नावं वगळायचे अर्ज भरून घेतोय. कुणाच्या वॉर्डात हे पार पडलं असेल, तर मतदानाच्या दिवशी कामावर जाणाऱ्या बायकांना कसं आणलंत, ते कृपया लिहा.