घारीची दोरी कोण धरतो?

सड्याकडचे घर यांचा प्रश्न:

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात एका सड्याच्या, म्हणजे सपाट कातळी पठाराच्या, कडेला राहतो. घरामागे आंब्याची कलमे, पुढे जांभ्याचा उघडा कातळ आणि त्यापलीकडे समुद्र अशी जागा आहे. माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. शाळेतून आल्यावर दप्तर पडवीत टाकून ती गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, जाऊन बसते आणि दिवेलागणीपर्यंत घारी पाहते. नुसती पाहत नाही. घार ज्या बाजूला कलते त्या बाजूला हीसुद्धा हात पसरून कलते आणि घारीने वळण घेतले की हिच्या तोंडून आपोआप 'ओऽऽ' असा आवाज निघतो. इतका आनंद तिला खाऊ मिळाल्यावरही होत नाही.

या संक्रांतीला तिच्या मामाने मुंबईहून पतंग आणले. दुसऱ्याच दिवशी एकाची दोरी तुटली आणि तो गिरक्या खात कलमांत जाऊन पडला. त्यावर तिने विचारले, "दोरी तुटल्यावर पतंग पडला. मग घारीची दोरी कोण धरतो?" सासूबाई म्हणाल्या, "देव धरता, आणि कोण?" मोहोरावरच्या फवारणीच्या गडबडीत असलेल्या तिच्या बाबांनी "वारा धरतो" असे सांगून वेळ मारून नेली. दोन्ही उत्तरे तिने ऐकून घेतली आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, "वाऱ्याने पतंग नेला, मग घार का नाही नेली?"

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि याचे उत्तर मला खरोखरच येत नाही. ते काय आहे आणि या वयाच्या मुलीला कोणत्या शब्दांत सांगावे? दुसरी अडचण अशी की मागच्या आठवड्यात ती दोन्ही हातांना सुपे बांधून गडग्यावरून उडी मारताना सापडली. गुडघा फुटण्यावर निभावले. हा खेळ बंद करावा असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला तो बंद करावासा वाटत नाही, पण भीतीही वाटते.

निवृत्त मास्तर यांचे उत्तर:

ताई, मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, परंतु हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, आणि विचारला असता तर मीही बहुधा 'वारा' म्हणूनच सुटलो असतो. उत्तर एका वाक्यात सांगायचे तर घारीची दोरी म्हणजे तिचे स्वतःचे वजन.

आधी पतंगाचे पाहू. पतंग वाऱ्यासमोर तिरका उभा असतो, त्यामुळे अंगावर येणारी हवा तो खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर आणि मागे ढकलते. मागे जाऊ न देण्याचे काम दोरी करते. दोरी तुटली की पतंग वाऱ्याबरोबर वाहू लागतो, आणि जो वाऱ्याबरोबर वाहतो त्याच्या अंगावर वारा येतच नाही. होडी पाण्याच्या ओढीबरोबर वाहत गेली की तिच्या नाळेवर पाणी फुटत नाही, तसेच हे आहे. अंगावरचा वारा संपला की उचल संपते आणि पतंग गिरक्या खातो.

घारीला मात्र अंगावर वारा येण्यासाठी कोणी धरून ठेवण्याची गरज नसते, कारण ती स्वतःच हवेतून पुढे जाते. पंख न हलवता ती पुढे कशी जाते? घाटीवरून सायकल पायडल न मारता उतरते, तशी. पंख पसरलेली घार हवेतून सतत थोडी थोडी खाली घसरत असते आणि तिचे वजन तिला त्या उतारावरून पुढे ओढत असते. वजन नसते तर तीही वाळलेल्या पानासारखी वाऱ्याबरोबर गेली असती. मुलीला सांगताना 'जड असल्यामुळे पडतो' या समजुतीला धक्का बसेल, तो बसू द्यावा.

आता घसरत असूनही ती वर कशी चढते, हा उरलेला प्रश्न. तुमच्या सड्यावरचा काळा पडलेला कातळ दुपारपर्यंत तव्यासारखा तापतो, त्याच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर उठते. घार त्या वर जाणाऱ्या हवेतच गोल गोल फिरत घसरत राहते. ती सेकंदाला साधारण मीटरभर खाली येत असेल आणि हवा दोन मीटर वर जात असेल, तर आपल्याला खालून ती चढतानाच दिसणार. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून चढू पाहणारा माणूस जिथल्या तिथे राहतो, त्याच्या उलट हा प्रकार आहे. पण देवगडात सरकता जिना कुठला, म्हणून सायकलच बरी.

सुपांविषयी. खेळ बंद करू नका, फक्त तिला हिशेब करून दाखवा. घारीचे वजन सुमारे ८०० ग्रॅम आणि पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर धरा. तुमची मुलगी २० किलोची असेल तर ती घारीच्या २५ पट जड झाली. घारीइतक्याच संथपणे तरंगायचे तर पंखांचे क्षेत्रफळही २५ पट हवे, म्हणजे लांबी पाच पट आणि रुंदी पाच पट. दीड मीटरचे पाच पट म्हणजे साडेसात मीटर, आणि यात त्या पंखांचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. खळ्यात साडेसात मीटरची दोरी आखून तिला मधोमध निजवा. सुपे किती लहान होती ते तिचे तिलाच कळेल, आणि 'पडशील' असे म्हणण्यापेक्षा ते अधिक टिकेल.

आसारी यांचे उत्तर:

मी मूळचा येवल्याचा, गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त रत्नागिरीत आहे. आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचे असतात आणि दोरा गुंडाळण्याच्या आसारीवरून माणसाची पारख होते, म्हणून हे नाव घेतले आहे.

मास्तरांचे विवेचन उत्तम आहे, परंतु ते सांगण्याची घाई करू नये असे मला वाटते. त्या मुलीने दोरी तुटलेला पतंग पाहिला आहे. दोरी स्वतःच्या हातात धरून पतंगाची ओढ अनुभवली आहे का? बहुतेक घरांत मामा पतंग उडवतात आणि मुले फिरकी धरून उभी राहतात. तिला दोरी द्या, आणि पतंग विकतचा नको. कोकणात पूर्वी मुले माडाच्या झावळीचे हीर आणि जुने वर्तमानपत्र घेऊन, भाताच्या शितांनी चिकटवून वावडी करत असत, असे माझ्या सासऱ्यांकडून ऐकले आहे. आम्ही तशी करून पाहिली. शेपटीला जुन्या धोतराची लांब पट्टी लावल्यावर ती उत्तम उडाली. हल्ली मिळणारे चकचकीत प्लास्टिकचे पतंग मला मुळीच आवडत नाहीत, कारण त्यांत दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते.

खरे शिक्षण कन्नी बांधण्यात आहे. कण्याला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी दोरा बांधून त्याला जिथे गाठ मारायची, ती गाठ बोटभर सरकवली तरी पतंगाचा स्वभाव बदलतो. फार खाली असली तर तो वाऱ्यासमोर भिंतीसारखा उभा राहून नुसती ओढ घेतो, चढत नाही. फार वर असली तर आडवा पडून फडफडतो. मधली जागा हाताला सापडते, डोळ्यांना नाही. ती एकदा सापडली की घार आपले पंख आणि शेपूट सारखी का हलवत असते, ते तिला न सांगता उमगेल. घार आपली कन्नी दर क्षणाला नव्याने बांधत असते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरीही तो छुप्या रीतीने विकला जातो. झाडात अडकलेला तो धागा कुजत नाही आणि ज्या घारींवर तुमच्या मुलीचा एवढा जीव आहे त्यांचेच पंख त्यात कापले जातात. साधा सुती दोरा पुरे, तिला कुणाचा पतंग कापायचा नाही. आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या पुळणीवर किंवा सड्याच्या आतल्या बाजूला, कड्यापासून लांब उडवावा. पतंग उडवणारा वर पाहत मागे मागे सरकतो, हे विसरू नये.

चौपाटीकर यांचे उत्तर:

मुलीला शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट जरूर सांगावी. राइट बंधूंच्या आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडवले होते.

निवृत्त मास्तर यांचे उत्तर:

तळपदे होऊन गेले आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, एवढे मान्य. परंतु त्या उड्डाणाचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा मिळत नाही. आसारी यांनी वर वावडी हा शब्द वापरला आहे. त्याच वावडीवरून आपण 'वावड्या उठवणे' म्हणतो. मुलीला खरी गोष्ट हवी असेल तर ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन्स हारग्रेव्ह यांची सांगा. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर खोक्याच्या आकाराचे चार पतंग एकाखाली एक जोडले, स्वतःला त्यांच्याखाली टांगून घेतले आणि ते सुमारे १६ फूट वर गेले. १६ फूट म्हणजे आपल्या कौलारू घराच्या आढ्याइतके. पतंग जमिनीला बांधलेले होते, हे सांगायला विसरू नका, नाहीतर सुपांनंतर चादरींची पाळी येईल.

बंदरावरून यांचे उत्तर:

मी पक्षी पाहतो, भौतिकशास्त्र मला बेताचेच कळते, तरीही मास्तरांच्या उत्तरात एक भर घालतो. किनाऱ्याला लागून असलेल्या सड्यावर दुपारी खारे वारे जोराने येऊ लागले की समुद्रावरची गार हवा आत शिरते आणि तापलेल्या हवेचे ते स्तंभ विस्कटतात. त्या वेळी घारी कड्याच्या काठावर येतात. समुद्राकडून आलेला वारा कड्यावर आदळून वर वळतो आणि त्या वळलेल्या वाऱ्यात घार एकाच जागी खिळल्यासारखी उभी राहते. मुलीने विचारलेला "वाऱ्याने घार का नाही नेली" हा प्रश्न बहुधा तिथलाच आहे. जमिनीवरून पाहता घार स्थिर असते, पण हवेतून ती वाऱ्याच्याच वेगाने पुढे जात असते. गोल फिरणारी घार आणि टांगलेली घार या दोन वेगळ्या युक्त्या आहेत. सकाळी उशिरा आतल्या बाजूला आणि दुपारी कड्यावर पाहिले तर दोन्ही दिसतील.

कोणती घार पाहतो आहोत तेही तिला ओळखता यावे. सर्वांगाने तपकिरी आणि शेपटीला मधे खाच असलेली ती साधी घार. डोके आणि छाती पांढरीशुभ्र, बाकी अंग विटकरी आणि शेपूट गोलसर असेल तर ती ब्राह्मणी घार. मासेमारीच्या बंदरांवर ती हमखास दिसते. फार मोठा, पोटाकडून पांढरा आणि पाचरीसारख्या आखूड शेपटीचा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुड. साध्या घारीची शेपूट मात्र तासन्‌तास पाहण्यासारखी असते. होडीच्या सुकाणूसारखी ती एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला पिळत असते.

हे निरीक्षण पोरकट नाही, हे घरच्यांना सांगावे. अमेरिकेतील पॉल मॅक्रेडी १९७६ च्या सुट्टीत प्रवासात असताना घिरट्या घालणारे ससाणे आणि गिधाडे पाहत त्यांच्या वळणांचा हिशेब मांडत होते. त्याच विचारातून पुढे त्यांनी अतिशय हलके, फार मोठ्या पंखांचे आणि पायडलवर चालणारे विमान बनवले. त्यांच्या अशाच एका विमानातून १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन यांनी केवळ पायांच्या बळावर २ तास ४९ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडली. पंखांचा विस्तार सुमारे ३० मीटर होता. मास्तरांचे साडेसात मीटर कमीच पडतील, असे तिला सांगा.

सड्याकडचे घर यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. थोडा उशीर झाला, कारण आधी सगळे करून पाहायचे ठरवले.

साडेसात मीटर आमच्या खळ्यात मावत नाहीत. दोरीचे एक टोक तुळशीवृंदावनाशी धरले तर दुसरे पडवीच्या पायरीवर चढते. ती मधोमध निजली, दोन्ही हात पसरले, मान वळवून डावीकडचे टोक पाहिले, मग उजवीकडचे, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, "म्हणजे मी घरात शिरूच शकणार नाही." सुपे त्याच संध्याकाळी खुंटीला परत गेली.

वावडी आम्ही तिघींनी मिळून केली. सासूबाईंना हीर सोलणे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले येते आणि त्यांनी लहानपणी वावडी उडवल्याचे आम्हाला या निमित्ताने प्रथमच कळले. कन्नीची गाठ पाचव्या वेळी जमली. दोरी हातात आल्यावर मुलगी घाबरून ओरडली, "ही मला ओढते आहे!" आणि मग हसतच सुटली. वजनाची गोष्ट तिला त्यानंतर सांगितली. ती तिने पूर्णपणे मान्य केली आहे असे नाही. आजीच्या उत्तराशी जुळवून घेत तिने असे ठरवले आहे की वजन ही दोरी आहे आणि तिचे दुसरे टोक जमिनीने धरले आहे. मास्तर, हे चुकीचे आहे असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि ते चुकीचे आहे का, याचीही मला खात्री नाही.

वावडी सध्या शेजारच्या वाडीतल्या उंच माडाच्या शेंड्यात अडकली आहे. नारळ पाडायला येणारे काका पुढच्या मंगळवारी ती उतरवून देणार आहेत. वर गेल्यावर आमचे खळे केवढे दिसते ते नीट पाहून यायचे, असे तिने त्यांना आधीच बजावून ठेवले आहे.