टॅबवर धंदा चालतो, की टॅब नुसता मिरवतो?

केळीचा काटा, सावदा

मी केळीचा व्यापारी. गेल्या उन्हाळ्यात ऑफिसातला लॅपटॉप बसला. दुरुस्तीचा आकडा ऐकला अन् सरळ 11 इंची अँड्रॉइड टॅब उचलला. सिमवाला, पेनासकट. वर्ष होत आलं, लॅपटॉप पुन्हा घ्यावासा वाटला नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याचा धंदा बांधावर अन् काट्यावर चालतो, त्याने लॅपटॉपात पैसे घालू नयेत.

केळीत भांडण भावावरून कमी होतं, भाव सकाळीच ठरलेला असतो. भांडण वजनावरून अन् दांड्याच्या, म्हणजे घडाच्या देठाच्या, वजावटीवरून होतं. आधी मी कटाईचे आकडे कागदावर लिहायचो, संध्याकाळी पोरगा ते लॅपटॉपवर चढवायचा. कागदाला केळीचा चीक लागला की 7 आहे का 1, तेच कळायचं नाही. आता गाडी काट्यावरून उतरली की रिकाम्या अन् भरल्या गाडीच्या दोन्ही पावत्यांचे फोटो जागेवरच. शीटमध्ये आकडे टाकले की नक्त वजन अन् रक्कम समोर. मग टॅब शेतकऱ्याच्या हातात देतो. फोन दिला तर म्हातारी माणसं चष्मा शोधत बसतात. टॅबवर स्वतः बोट ठेवून वाचतात, "हा आकडा कुठून आला?" म्हणून विचारतात, पटलं की पेनाने सही करतात. गाडी सुटायच्या आत पीडीएफ त्यांच्या पोराच्या व्हॉट्सॲपवर.

ज्यांना टॅब म्हणजे खेळणं वाटतं, त्यांनी बोलावं.

खतावणी, जळगाव

मी बोलतो. काटा भाऊ, तुम्ही आकडे गोळा करून राहिले, हिशेब नाही. हिशेब माझ्यासारख्याच्या टेबलावर होतो.

मार्चअखेर दिवसाला दोनशे-अडीचशे व्हाउचर चढवतो. टॅली सॉफ्टवेअरात विक्रीला एफ 8, खर्चाला एफ 5, उजवा हात नंबर पॅडवरून हलत नाही, डोळे बिलावर. काचेवर बोट मारून हे करून दाखवा, पहिल्या वीस एन्ट्रीत मान धरेल. अन् टॅबवाल्या व्यापाऱ्यांच्या शीट माझ्याकडे येतात त्या पाहा. एकाने सगळी नावं बोलून टाइप केली होती. एकाच शेतकऱ्याची तीन खाती: "पाटील दादा", "पाटील वाघोदा" अन् तिसऱ्या ठिकाणी नुसते "दादा". उचल एकात, जमा दुसऱ्यात. ते निस्तरायला माझे दोन दिवस गेले, त्याचे पैसे मागितले तर म्हणे, "सगळं कॉम्प्युटरवरच होतं ना!"

डाळमिल, एमआयडीसी

खतावणी भाऊंशी सहमत, अन् माझी अडचण त्याहून साधी आहे. आमची प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटी रिटर्न भरायला डिजिटल सही लागते, ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये. त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसतं, टॅबवर नाही. दुसरं, गेटपास अन् डिलिव्हरी चलान तीन प्रतींत, कार्बन कागदावर, डॉटमॅट्रिक्स प्रिंटरवर निघतं. टॅबला डॉटमॅट्रिक्स जोडून दाखवा, चहा माझ्याकडून.

मिरची पथारी, नंदुरबार

मी टॅबचा भक्त होतो. दोन सीझनमध्ये भक्ती उतरली.

पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, उन्हात उभं राहिलं की स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. ब्राइटनेस पूर्ण केला की दुपारी दोनला बॅटरी तळाला. मिरचीच्या हाताने टॅब धरायचा, घरी नातवाने तोच टॅब घेऊन डोळे चोळले, त्या रात्री घरात जो गोंधळ झाला तो सांगत नाही. उन्हाळ्यात गाडीत ठेवला तर गरम झाल्याची सूचना देऊन चार्जिंगच थांबवतो. आयपॅडबद्दल तर कंपनीच लिहिते की 0 ते 35 अंशांत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 असतं भो. 35 मध्ये वापरायचं तर टॅब पहाटेच काढावा लागेल.

सराफ बाजार

आमच्याकडे टॅब काउंटरवर आहे अन् राहणार. हाराचे पन्नास नमुने तिजोरीतून काढून मांडण्यापेक्षा फोटो दाखवतो, गिऱ्हाईक बाई स्वतः बोटाने मोठं करून जोड बघतात, आवडले ते तीन-चारच बाहेर येतात. एक करा मात्र, ॲप पिन करून द्या, म्हणजे दुसरं काही उघडत नाही. मी दिलं नव्हतं. पुढचा फोटो म्हणून बोट सरकलं अन् आमच्या घरच्या लग्नातला माझा नाच उघडला.

वजन अन् बिल मात्र टेबलावरच, कॉम्प्युटरवर.

केळीचा काटा, सावदा

एकेकाला उत्तर देतो.

डाळमिल भाऊ, तुमचं मान्य. पण माझी प्रोप्रायटरशिप, एकट्याच्या मालकीचा धंदा, अन् ताज्या केळीला जीएसटी नाही, मालवाहतुकीचं ई-वे बिलही लागत नाही. मला टोकन कशाला? तुमच्या कारखान्याची अडचण माझ्या गळ्यात का घालता? प्रिंटही सगळ्यांना तीन प्रतींत लागत नाही, मी ब्लूटूथचा छोटा थर्मल प्रिंटर ठेवतो. त्याची छपाई उन्हात उडते हे खरं, म्हणून पीडीएफ हीच खरी पावती समजतो.

मिरची भाऊ, उन्हाचं शंभर टक्के खरं. मीही पोळलो आहे. आता टॅब कॅनव्हासच्या पिशवीत, पाण्याच्या जारशेजारी सावलीत, अन् काम काटा-ऑफिसच्या ओसरीत. चीक लागलेल्या बोटाने काचेला हात लावायचा नाही, पेनच वापरायचा. काचेवरचे चिकाचे काळे डाग काढायला गेलो अन् स्क्रीनगार्डच सोलून निघाला.

खतावणी भाऊ, तुमच्यासारखी दोनशे व्हाउचर मी करतच नाही. दिवसाला चार-पाच गाड्या. तेवढ्यासाठी टेबलाला बांधून घेऊ का? नावांचा घोळ टॅबचा नाही, शीट बनवणाऱ्याचा. शेतकऱ्याच्या नावाला ड्रॉपडाउन, म्हणजे तयार यादीतून निवडायची सोय, लावा, बोलून टाइप करायची वेळच येत नाही.

एक चूक माझी कबूल करतो, नवीन घेणाऱ्याने ऐकावी. 11 इंची घेतला, मोठा दिसतो म्हणून. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल 10.1 इंचापर्यंतच्या स्क्रीनवर फुकटात एडिट करू देतं, त्याच्या वर वर्गणी मागतं. मी गूगल शीटवर आलो अन् ऑफलाइन चालू करून ठेवलं. यावल रस्त्याने आत गेलं की नेटवर्क भरवशाचं नाही. अन् नुसत्या वायफायचा टॅब घेऊ नका. फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवून फिरलात की दुपारपर्यंत फोन बंद, मग गाडीवाला फोन लावतच राहतो.

खतावणी, जळगाव

ड्रॉपडाउन लावणारे शंभरात दोन, अन् ते माझ्याकडे येत नाहीत, म्हणून माझं मत वाईट असेल. तरी सांगतो, कीबोर्ड घ्याच. हजार-दीड हजारात ब्लूटूथचा मिळतो. अन् शीट मला पाठवणार असाल तर गाडी नंबर अन् दांड्याची वजावट दोन्ही वेगळ्या रकान्यांत हवी. बहुतेक जण वजावट नक्त वजनात गिळून टाकतात, मग मला उलटं गणित करावं लागतं.

वाघोद्याचा माल

मी व्यापारी नाही. माझीच केळी तुमच्या त्या टॅबवर चढतात, म्हणून बोलतो.

टॅब आला, वजावट तीच राहिली. फरक एवढाच की आधी वहीत दिसायची नाही, आता काचेवर दिसते. पण टक्क्यात दिसते. टक्का बारीक वाटतो, माणूस मान हलवून सही करतो. 100 क्विंटलच्या गाडीला 1 टक्का म्हणजे अख्खा क्विंटल. खतावणी भाऊ रकाना करायला सांगून राहिले ना, तो किलोत करा. अन् किलोच्या पुढे रुपयेही लिहा. मग टॅब फिरवा आमच्याकडे, बघू किती जण लगेच सही करतात.

केळीचा काटा, सावदा

किलोचा रकाना आत्ताच टाकला. रुपयाचं काट्यावर या, बोलू.

वाघोद्याचा माल

बुधवारी कटाई आहे. येतो.